खुटबावच्या लग्नात लागला नानांचा माग

वैशाखातल्या भर दुपारी जाडजूड लाल कोट अंगात घालायचा, गळ्यापर्यंत पितळी गुंड्या लावायच्या, तोंडात लाकडाची नळी धरून घशाला कोरड पडेस्तोवर फुंकायचं आणि वर चेहरा हसरा ठेवायचा. बँडवाल्याचं काम ते एवढंच. मी शिरूरला लतीफभाईंच्या बँडात क्लॅरनेट वाजवायचो. लोकांना वाटतं, बँडात सगळ्यात महत्त्वाचा तो मोठा ढोल. तो लांबून ऐकू येतो म्हणून तसं वाटतं. गाणं म्हणते ती क्लॅरनेट, बाकीचे तिच्या मागं चालतात. तिच्या तोंडाशी एक पातळ पत्ती बांधलेली असते. ती ओली राहिली पाहिजे, नाहीतर सूर फाटतो. म्हणून क्लॅरनेटवाल्याला कुणी मांडवात लाडू पुढं केला तरी खाता येत नाही. लाडवाचा कण पत्तीत गेला की नवरदेवाच्या घोड्यासमोर क्लॅरनेट म्हशीसारखी रेकते.

बहात्तरच्या दुष्काळात लग्नं जवळजवळ बंद झाली. आम्ही सगळे दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलो. लतीफभाई मालक, पण तेही आमच्या शेजारी गोणपाट टाकून बसले. हातोडीचा ठेका चुकला की मला म्हणायचे, "अरे बबन, ताल में मार ना!" मग पाऊस झाला, पिकं आली आणि थांबलेली सगळी लग्नं एकदम निघाली. सकाळी एका गावात, संध्याकाळी दुसऱ्या गावात, कोट वाळायलाही सवड नाही. न्हावऱ्याकडच्या एका बागायतदारानं तर लग्न नसतानाच आम्हाला बोलावलं. त्याच्या विहिरीला पाणी लागलं होतं. म्हणाला, "वर न्हाई वाजवायचं. खाली उतरा. झऱ्याला ऐकू गेलं पायजे." विहिरीतला गाळ-दगड वर ओढायची यारी असते, तिच्या टोपल्यात बसवून आम्हाला एकेक करून खाली सोडलं. गुडघाभर पाण्यात उभं राहून आम्ही वाजवलं. विहिरीत आवाज असा घुमला की आमचा आम्हालाच विश्वास बसेना. वर काठावर तो माणूस ओक्साबोक्शी रडत होता. असं बक्षीस पुन्हा कधी मिळालं नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हा सगळीकडं सारखी होती. आमचं जेवण शेवटी, मांडवाच्या बाहेर. बँडात निम्मे मुसलमान, निम्मे आम्ही बौद्ध. वाजवताना आमच्यापुढं लोटांगण घालणारे पाहुणे पंगतीच्या वेळी आम्हाला ओळख देत नसत. त्याचं वाईट वाटणं आम्ही बंद केलं होतं, असं आम्ही म्हणायचो. ते तितकंसं खरं नव्हतं.

आता खुटबावच्या लग्नाकडं येतो. पण त्याआधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगावी लागेल.

माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांचे थोरले भाऊ काशीनाथ, म्हणजे माझे नाना, दुसऱ्या महायुद्धात मिसरूड फुटायच्या वयात पलटणीत भरती झाले. युद्ध संपल्यावर रजेवर गावी आले. आमचं गाव मांडवगणच्या वाटेवरचं. नाव मुद्दाम लिहीत नाही, आज तिथं माझे जिवाभावाचे लोक आहेत. नाना वर्दी घालून, बूट न काढता, चावडीच्या ओट्यावर जाऊन बसले. त्या काळात आमच्या माणसानं तिथं बसायचं नसायचं. गाव गोळा झालं. त्या वर्षी येसकरकी, म्हणजे गावाची राखण आणि सांगकामं, आमच्या आज्याकडं होती. म्हाताऱ्यानं पागोटं काढून गावाच्या पायावर ठेवलं आणि पोरानं गावाची माफी मागावी म्हणून सगळ्यांदेखत नानांच्या थोबाडीत मारली. नानांनी माफी मागितली नाही. ओट्यावरून उतरले, घरी येऊन ट्रंक उचलली आणि चालत शिरूरची वाट धरली. तेव्हा मी पाळण्यात होतो.

त्यानंतर नाना दिसले नाहीत. कुणी म्हणे काश्मिरात पडले. कुणी म्हणे तिकडं पंजाबात घर केलं. पुढं आमचं बिऱ्हाड शिरूरला आलं, आज्जा-आजी गेले, आम्ही धम्म घेतला. आबांनी भिंतीवर नानांचा वर्दीतला फोटो लावला होता. एके दिवशी त्याला हार घातला. माझी थोरली आत्या, सोनाआत्या, विधवा होती आणि आमच्याकडंच राहायची. तिनं दुसऱ्या दिवशी हार काढून टाकला. आबांनी पुन्हा घातला, तिनं पुन्हा काढला. दोघं एकमेकांशी त्यावर एक शब्द बोलायचे नाहीत. घरात स्वयंपाक व्हायचा, गप्पा व्हायच्या आणि हार वर-खाली व्हायचा. मी एकदा आत्याला विचारलं, "तुला कशावरून वाटतं नाना हाय म्हणून?" ती म्हणाली, "मेला असता तर मला ठावं झालं असतं. म्या त्याला कडंवर वागवलाय."

ह्याच आत्याकडून मी एक चाल शिकलो. माझी आजी जात्यावर दळताना ओव्या म्हणायची, त्या एका ठरावीक चालीत. मधेच सूर वर चढून थांबायचा, जात्याचा खुंटा दुसऱ्या हातात घ्यायला वेळ मिळावा म्हणून, आणि मग उतरायचा. असली चाल मी दुसऱ्या कुठल्या घरात ऐकली नाही. आत्या ती तशीच म्हणायची. मी ती क्लॅरनेटवर बसवली आणि नवरी सासरी निघाली की वाजवायला लागलो. बाया रडायच्या, लतीफभाई खूश व्हायचे.

खुटबावला लग्न मोठं होतं. दिवस उतरणीला लागला, नवरी बैलगाडीत चढली आणि मी आत्याची चाल लावली. पहिला सूर चढून थांबला तोच मांडवाच्या दारातून एक माणूस गर्दी कापत पुढं आला. पांढऱ्या मिशा, डोक्याला फेटा, एका पायानं किंचित लंगडत. माझ्यासमोर दोन हातांवर येऊन उभा राहिला. टाच टाचेला लावली, हात मांड्यांना चिकटवले, हनुवटी वर. सगळी वरात त्याच्याकडं बघायला लागली. मला वाटलं, दारू प्यालेला असावा. पण त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हलत नव्हता. चाल संपली तेव्हा त्यानं अंग सैल सोडलं.

"ही कुठं शिकलास?" त्यानं विचारलं.

"घरची हाय, हवालदार," मी म्हणालो; मागून कुणीतरी त्याला हवालदार म्हटल्याचं मी ऐकलं होतं. "आमच्या आजीची जात्यावरची ओवी हाय."

"ओवी?" तो जवळजवळ ओरडलाच. "आरं, जबलपूरच्या छावनीत रोज सांजच्याला झेंडा उतरवताना ही वाजायची! आमच्या शेजारच्या पलटनीच्या बँडात. त्यांचा एक क्लॅरनेटवाला हुता, त्यानं बसवली हुती. काशीनाथ त्याचं नाव. शिरूरकडचाच. मला म्हनायचा, ही माझ्या आईच्या जात्याची हाय."

माझ्या हातातली क्लॅरनेट खाली आली. ढोल थांबला, ट्रंपेट थांबलं, बैलगाडी थांबली. लतीफभाई लांबून हात हलवत धावत आले, "बजाव! बजाव! नवरी रस्त्यात उभी आहे!" मी म्हटलं, "भाई, माझा चुलता सापडला." ते म्हणाले, "मुबारक हो, पण आधी नवरी जाऊ दे!" पुढं मी काय वाजवलं ते मला आजही आठवत नाही. ढोलवाला नंतर सांगायचा, मी मंगळागौरीचं काहीतरी वाजवलं म्हणून.

नवरी गेल्यावर हवालदारांनी मला हाताला धरून आपल्या घरी नेलं. ते तिथले जमीनदार शेतकरी, लग्न त्यांच्या भावकीतलं. सोप्यात सतरंजीवर मला शेजारी बसवलं, आणि आतून ताटं आली ती दोघांची बरोबर. त्यांच्या वहिनी उंबऱ्यात थबकल्या. हवालदार म्हणाले, "वाढा. ह्याच्या चुलत्यामुळं मी जेवतोय."

मग त्यांनी सांगितलं. पलटणीतले बँडवाले फक्त बँड वाजवत नाहीत. लढाई लागली की वाद्यं पेटीत जातात आणि तेच लोक स्ट्रेचर उचलतात. गोळ्या चालू असताना पुढं जाऊन जखमी माणसं मागं आणायची, हे त्यांचं काम. नानांनी ते आधी ब्रह्मदेशात केलं होतं. मग काश्मिरात. तिथं हवालदारांच्या पायात गोळी लागली आणि ते एका ओढ्यात पडून राहिले. स्ट्रेचरला जागा नव्हती, वाट निसरडी होती. नानांनी त्यांना पाठीवर घेतलं.

"उताराला मी इवळत हुतो," हवालदार म्हणाले. "तर मला मराठीत म्हनतो कसा, गप की लेका, तुझ्यापरीस आमची म्हस हलकी हुती. त्या बर्फात मराठी शब्द! मी म्हनलं, कुठला रं तू? म्हनला, शिरूर-घोडनदीचा. मी म्हनलं, मी खुटबावचा. दोगं बी हसाय लागलो. वरनं गोळ्या चालल्यात आन् आमी हसतोय."

"आता कुठं हायेत नाना?" मी विचारलं. माझा घास हातातच होता.

"ते ठावं न्हाई. काश्मिरानंतर जबलपूरला आमी थोडं दिवस शेजारी हुतो, मग पायामुळं मी लौकर घरी आलो. त्यो पुढं बँडाचा मुख्य झाला, एवढं ऐकलं. लई शोधायचं व्हतं, पन न्हाई झालं माझ्याच्यानं."

शिरूरला परतताना टेम्पोत सगळा बँड एकाच वेळी बोलत होता. जो तो मला उपाय सांगत होता. लष्कराला कळवा, पेपरात द्या. लतीफभाई मात्र एकदम म्हणाले, "क्लॅरनेटवाला आहे ना तो? मग गाद्या कुठं बदलत असेल?"

क्लॅरनेटच्या भोकांवर ज्या चाव्या बसतात त्यांना खाली छोट्या गाद्या असतात. त्या झिजल्या की वारा गळतो आणि सूर मरतो. त्या बसवणं हे फार नाजूक काम आहे आणि आमच्या भागात ते एकच माणूस करायचा. दौंडचे फर्नांडिस मास्तर. रेल्वेतून रिटायर झालेले, रेल्वे क्वार्टर्सजवळच्या बैठ्या घरात राहायचे. मी स्वतः दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला माझी क्लॅरनेट त्यांच्याकडं न्यायचो. जबलपूरच्या माणसानं गाद्या बदलायला दौंडला कशाला यावं? पण दुसरं काही सुचत नव्हतं. सकाळची पहिली एस.टी. धरून मी दौंडला गेलो.

फर्नांडिस मास्तर ओसरीत एक ट्रंपेट मांडीवर घेऊन बसले होते. मी दम न घेता विचारलं, "मास्तर, जबलपूरचा कुणी क्लॅरनेटवाला तुमच्याकडं येतो का? मिलिटरीतला?"

"काशीनाथ?" मास्तर चष्म्यावरून बघत म्हणाले. "येतो ना. हर साल. थंडीमध्ये. का?"

मी पावसाळ्याला येत होतो आणि नाना थंडीत. त्याच ओसरीतल्या त्याच मोडक्या खुर्चीत आम्ही दोघं वर्षानुवर्षं बसत होतो आणि मास्तरांच्या पोटात दोघांची माहिती शांत झोपली होती.

"मास्तर, तो माझा सख्खा चुलता हाय!"

मास्तरांनी ट्रंपेट बाजूला ठेवलं. "म्हणून! मी नेहमी विचार करायचो. जबलपूरला कारीगर काय कमी आहेत? एवढ्या लांब येतो, मी काम करतो तोवर स्टेशनवर जाऊन बसतो. एकदा मी बोललो, काशीनाथ, तुझं गाव कुठं? त्यानं नदीपलीकडं बोट केलं. मी बोललो, मग जात का नाहीस? तो बोलला, एक वर्षी जायला निघालो होतो. इथं मालधक्क्यावर गावचा एक हमाल भेटला. त्यानं सांगितलं, तुझ्या भावानं तुझ्या फोटोला हार घातलाय. बोलला, मास्तर, घरच्यांनी मला पोहोचवलंय, आता मी जाऊन त्यांना कशाला त्रास देऊ?"

मास्तरांकडं पत्ता नव्हता. नाना जबलपूरला सदर नावाच्या वस्तीच्या बाजूला एका शाळेतल्या पोरांना बँड शिकवतात, एवढंच त्यांना ठाऊक होतं. मला तेवढं पुष्कळ होतं.

घरी आल्यावर मी आबांसमोर आणि आत्यासमोर सगळं सांगितलं. हवालदार, काश्मीर, ओवी, फर्नांडिस. आत्या मधेच टाळ्या वाजवायची, मधेच पदर डोळ्याला लावायची. हमालाची गोष्ट मी गाळणार होतो, पण तोंडातून निघून गेली. आत्यानं आबांकडं पाहिलं. आबा उठले, खुर्चीवर चढले, फोटोचा हार काढला आणि परसात जाऊन चुलीत घातला. परत आत आलेच नाहीत. परसातच बसून राहिले.

आत्या म्हणाली, "बबन, तिकीट काढ."

"आत्या, थंडीत येतीलच ते दौंडला. आपण तवा—"

"थंडीपत्तूर मी थांबू? इतकी वर्सं थांबले ती काय कमी झाली?"

आबांना चला म्हटलं तर त्यांनी नुसती मान हलवली. "मी काय तोंड घेऊन जाऊ? तुमी जावा."

आत्या जन्मात आगगाडीत बसलेली नव्हती. दौंडला मनमाडची गाडी आली, वाफेचं इंजिन फुसफुसत पुढं गेलं, तसं तिनं माझं मनगट असं धरलं की मनमाडपर्यंत सोडलं नाही. बरोबर बाजरीच्या भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि नानांना लहानपणी आवडायचे म्हणून केलेले तिळाचे लाडू. पुढच्या गाडीत डब्यातल्या प्रत्येकाला तिनं सांगितलं, "भावाला आणाय चाललोय." भुसावळला चढलेल्या एका कुटुंबानं तर इटारसीला उतरताना आमच्या नानांसाठी केळी दिली.

जबलपूरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. टांगेवाल्याला म्हटलं, सदरकडं चल, जिथं पोरांचा बँड आहे अशी शाळा दाखव. पहिल्या शाळेत बँड नव्हता. दुसरीत होता, पण मास्तर कुणी दुसराच निघाला. आत्याचे पाय सुजले होते, तरी टांग्यातून उतरून स्वतः चौकशी करायची, तीही अस्सल आपल्या मराठीत. लोकांना समजायचं नाही, पण ते हसून पाणी द्यायचे. तिसऱ्या शाळेची भिंत लांबलचक होती. भिंतीपलीकडून ड्रमचा आवाज येत होता. मी टांगा थांबवला. ड्रम चालू, बिगुल चालू, मग एकाएकी सगळं थांबलं आणि खणखणीत आवाज आला, "लेफ्ट बोला था, लेफ्ट! आरं, डोळं फुटलं का काय तुझं?"

आत्या टांग्यात ताडकन उठून उभी राहिली. टांगा घोड्यासकट हलला. "आमच्या बाचा आवाज हाय त्यो! काश्या! काश्याऽऽ!"

फाटकातून आत गेलो. मैदानात खाकी चड्डीतली पोरं रांगेत उभी. त्यांच्यासमोर एक उंच, वाळका, ताठ माणूस, केस बारीक कापलेले, काखेत छोटी काठी. त्यानं वळून बघितलं. आत्या पदर सावरत, लुगडं वर धरत मैदानाच्या मधून धावत होती. काठी खाली पडली. पन्नाशीला आलेला तो माणूस हलला नाही, जागच्या जागी ताठ उभा राहिला, पोरांना शिकवायचा तसा. आत्यानं पोचल्या पोचल्या त्याच्या छातीवर दोन्ही हातांनी गुद्दे मारले. "वाळलायस किती! कोन खायाला घालत न्हाई व्हय तुला?"

"आक्का," एवढंच नाना म्हणाले. मग ते तिच्या पायाशी मातीत बसले. पोरांच्या रांगेतला एक जण चुकून टाळ्या वाजवायला लागला, मग सगळीच वाजवायला लागली.

नानांचं बिऱ्हाड म्हणजे एक खोली. बायको विदर्भाकडची, दोन वर्षांपूर्वी गेलेली. मूलबाळ नव्हतं. नाना म्हणाले, "दौंडपत्तूर जायचा हट्ट तिचाच. म्हनायची, घरी जाऊ नका, पन त्या बाजूची हवा तरी घेऊन या." मी त्यांच्याच क्लॅरनेटवर आजीची चाल वाजवली तेव्हा ते डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "वर चढतोस तिथं श्वास लवकर तोडतोस." पहिल्याच भेटीत चूक काढली. मला इतका आनंद झाला की सांगता येत नाही.

येतो म्हणाले. शाळेतून रजा काढली. ट्रंक भरली, तीच पलटणीची काळी ट्रंक. वाटेत आत्यानं त्यांना गावातला कोण कुणाचा कोण झाला ते सगळं सांगितलं आणि नाना लहान पोरासारखे हसत होते. पण दौंड जवळ आलं तसे ते ट्रंकेची कडी धरून खिडकीबाहेर बघायला लागले. गाडी फलाटाला लागली. आम्ही उतरलो. नाना ट्रंक खाली ठेवून उभे राहिले. बाहेरच्या फाटकाकडं बघितलं आणि म्हणाले, "बबन, तुमी व्हा पुढं. मी मास्तरांकडं ऱ्हातो. उद्या बघू."

मला समजलं की उद्या कधी उगवणार नाही. आत्या तिथंच फलाटावर मांडी घालून बसली. नाना उभे, आत्या बसलेली, मी मधे. हमाल आमच्याकडं बघून जात होते.

तेवढ्यात चहाच्या गाड्यामागून आबा आले. आम्ही गेल्यापासून ते रोज शिरूरहून एस.टी.नं दौंडला यायचे, मनमाडची गाडी बघायचे आणि परत जायचे, हे मला नंतर आईनं सांगितलं. डोक्याला टोपी, अंगात धुतलेला सदरा. नानांच्या समोर येऊन ते थांबले. दोघांची उंची सारखी, नाक सारखं.

"दादा," आबा म्हणाले, "हार म्या घातला. मेलास म्हनून न्हाई घातला. तू येत न्हाईस ह्याचा राग आला म्हनून घातला."

नानांनी त्यांच्याकडं पाहिलं. "लई राग आला हुता?"

"लई."

"मग बरं केलंस," नाना म्हणाले. आबांनी वाकून ट्रंकेची एक कडी धरली. नानांनी दुसरी धरली. आत्या उठली, लुगडं झटकलं आणि म्हणाली, "चला, शिरूरची गाडी सुटंल."

नाना परत जबलपूरला राहायला गेले नाहीत. एकदाच जाऊन खोली रिकामी करून आले. हवालदार खुटबावहून आले तेव्हा दोघं आमच्या अंगणात पाय पसरून बसले आणि हवालदारांच्या पायातली गोळीची जागा पुन्हा पुन्हा बघत दुपारभर खिदळले. आणि लतीफभाईंनी नानांना बँडात घेतलं. नानांच्या पलटणीतल्या वाटचालीबद्दल मी पुढं पुष्कळ विचारलं. ब्रह्मदेशातल्या चिखलाबद्दल, स्ट्रेचरवर हातात हात धरून गेलेल्या पोरांबद्दल. ते थोडं सांगायचे आणि उठून जायचे. अजून विचारायला हवं होतं, हे ते गेल्यावर मला कळलं.

पण बँडात त्यांनी धमाल उडवली. आम्ही सगळे मनाला येईल तसे चालणारे. नानांनी आम्हाला घोडनदीच्या वाळूत नेऊन पाय मिळवायला शिकवलं. कोटाच्या गुंड्या राखेनं घासायला लावल्या. ढोलवाल्याला पोट आत घ्यायला लावलं.

आमच्या बँडाबरोबरचं त्यांचं पहिलं लग्न मांडवगण फराट्याला होतं. मोठं घराणं, मोठी वरात. नाना सगळ्यांच्या पुढं, हातात चांदीच्या मुठीची काठी. मारुतीच्या देवळापासून निघालो. नानांनी काठी उचलली, आम्ही पाय उचलले आणि पलटणीच्या चालीनं निघालो. डावा, उजवा, डावा, उजवा. असा सुंदर ठेका आमच्या बँडानं कधी धरला नव्हता. मी मान वळवणार नव्हतो, नानांची तशी ताकीद होती. गल्ली संपली, वळण आलं, मांडव दिसला. दारात सुवासिनी ओवाळायला उभ्या. नवरीची आई ताटात निरांजन लावून सगळ्यांत पुढं.

"हाल्ट!" नाना ओरडले. आम्ही थांबलो. तेव्हा मी मागं बघितलं. मागं कुणीच नव्हतं. नवरदेव, घोडा, करवल्या, नाचणारे पाहुणे, सगळे दोन गल्ल्या मागं राहिले होते. आम्ही वरातीला सोडून बँडच घेऊन आलो होतो.

नवरीची आई गोंधळली. ताट हातात, ज्योत फडफडतेय, समोर लाल कोटातला एक ताठ म्हातारा. नानांचा चेहरा पडला. ते बाजूला व्हायला लागले. तसं ती बाई हसली आणि म्हणाली, "आवो थांबा की. पयलं आलाय तुमी, तर पयलं ओवाळू द्या."

नानांनी काठी काखेत घेतली, टोपी काढली आणि मान खाली घातली. तिनं कुंकू लावलं, ज्योत फिरवली. मांडवातले पाहुणे बघत होते. नानांनी टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली आणि तिला कडक सॅल्यूट ठोकला. मग आमच्याकडं वळून म्हणाले, "चला रं, नवरदेवाला आणायचाय," आणि आम्ही आल्या पावली परत निघालो.